रोगट वाण राखण्याचे काम

मी आयुष्यभर सूत्रकृमींवर काम केले असे सांगितले, की ऐकणारा आधी स्वतःच्या पोटाकडे पाहतो. निवृत्त होऊन खारघरला राहायला आलो, तेव्हा वरच्या मजल्यावरील बाईंनी नातवासाठी जंतांचे औषध विचारले. मी त्या प्रकारचा डॉक्टर नाही, असे मी सांगितले. त्या म्हणाल्या, "मग कुठल्या प्रकारचे?" या प्रश्नाचे उत्तर लिफ्टची वाट पाहत देता येत नाही. ते येथे देतो.

गैरसमज नवा नाही. संस्थेत असताना पनवेलकडचा एक रोपवाटिकावाला फाटकावरच्या रखवालदाराशी भांडून थेट प्रयोगशाळेत शिरला होता. हातातल्या पिशवीत टोमॅटोची उपटलेली रोपे होती आणि मुळांना गाठी आलेल्या होत्या. त्याने ती माझ्या टेबलावर मातीसकट ठेवली.

"साहेब, तुम्ही हे किडे मारता ना?"

"आम्ही पाळतो."

"पाळता?" त्याने मागे वळून रखवालदाराकडे पाहिले. "मग माझेपण ठेवून घ्या. फुकट देतो. पाहिजे तर रोज आणून घालतो."

मी त्याला कृषी खात्याचा पत्ता दिला. त्याच्या मुळांतले कृमी म्हणजे आमच्या कृमींचे दूरचे भाऊबंद. ते पिके नासवतात. आमचे मातीत जीवाणू खाऊन राहतात, कोणाच्या अध्यात-मध्यात नसतात. लांबी जेमतेम मिलिमीटरभर. अंग काचेसारखे पारदर्शक. अंड्यापासून अंडे घालण्यापर्यंतचा प्रवास तीन-चार दिवसांत उरकतो. बहुतेक उभयलिंगी असतात, म्हणजे एक कृमी एकट्यानेच पुढची पिढी निर्माण करू शकतो. हे शेवटचे वाक्य वाचकांनी लक्षात ठेवावे. पुढे त्यावर बरेच काही अवलंबून आहे.

पारदर्शक असण्याचा लाभ असा, की जिवंत प्राण्याच्या आत अवयव घडताना सूक्ष्मदर्शकातून दिसतो. मी ज्या अवयवाकडे पाहत आलो तो म्हणजे जननग्रंथी. ती पोटाच्या मध्यावर चार पेशींची पुडी म्हणून सुरू होते. मग तिला दोन हात फुटतात. एक डोक्याकडे निघतो, दुसरा शेपटीकडे. प्रत्येक हाताच्या टोकाशी एकच पेशी वाटाड्यासारखी पुढे असते. ती पोटाच्या बाजूने सरकत जाते, ठरलेल्या जागी वर पाठीकडे वळते आणि पाठीच्या बाजूने मध्याकडे परत येते. हाताचा आकार केसांच्या आकड्यासारखा होतो. निरोगी कृमीत हे वळण जवळजवळ कधी चुकत नाही. माझा सगळा व्यवसाय त्या वळणाचा आहे.

वळण चुकते कधी, हे शोधण्यासाठी आम्ही जनुके बिघडवतो. माझ्या वाट्याला आलेली जनुके साखरेची होती. पेशी प्रथिन तयार करते, परंतु तयार झालेले प्रथिन पुष्कळदा लगेच कामाचे नसते. पेशीच्या आत गॉल्जी नावाची जागा आहे. तेथे प्रथिनावर साखरेच्या लहानमोठ्या साखळ्या चढवल्या जातात. चहातली साखर नव्हे, तिच्या कुळातली. या क्रियेला ग्लायकोसिलेशन म्हणतात. साखळ्या नीट चढल्या नाहीत तर प्रथिन असते, पण आपल्या जागी पोहोचत नाही, किंवा पोहोचून टिकत नाही. परिणाम अवयवांवर दिसतो. एका जनुकात बिघाड झाला तर अंडी बाहेर पडण्याची वाट दबून जाते. दुसऱ्यात झाला तर आपला वाटाडा भरकटतो. पाठीवरून मध्याकडे येण्याऐवजी शेपटीपर्यंत जातो, नाहीतर जागच्या जागी गुंडाळी करतो.

याचा उपयोग काय, हा प्रश्न मला खासदारांपासून सासऱ्यांपर्यंत सर्वांनी विचारला. माणसाच्या शरीरातही पेशी प्रवास करतात, त्यांच्या वाटेवर कृमीतल्यासारखेच पातळ पडदे असतात आणि त्या पडद्यांवर अशीच साखर असते. हे उत्तर खरे आहे. पण मी त्या उत्तरासाठी सकाळी प्रयोगशाळेत जात नव्हतो. ते वळण कसे घेतले जाते हे मला जाणून घ्यायचे होते.

आमचे मुख्य हत्यार म्हणजे प्लॅटिनमची बारीक तार. तिचे टोक ठोकून चपटे करायचे आणि ती काचेच्या नळीत बसवायची. ज्याची तार त्यानेच बनवायची आणि दुसऱ्याच्या तारेला हात लावायचा नाही, असा आमच्याकडे रिवाज होता. टोक ज्योतीत धरून लाल करायचे, निवू द्यायचे, त्यावर जीवाणूंचा चिकट ठिपका घ्यायचा आणि त्या ठिपक्याने प्लेटवरचा, म्हणजे जीवाणूंचा थर दिलेल्या झाकणाच्या बशीतला, एक कृमी अलगद उचलायचा. तो नव्या प्लेटवर सोडला, की काही दिवसांत त्याच्याच वंशाने प्लेट भरते. वाण जिवंत ठेवायचा तर हे सतत करत राहावे लागते. दिवाळी असो की गणपती, कृमी थांबत नाहीत. तारेचा हात बसायला वर्ष जाते. माझा हात चांगला होता. हे मी नम्रपणे सांगू शकत नाही, कारण ते खरे आहे.

चेतना घरत आमच्याकडे पीएच.डी.साठी मुलाखतीला आली, तेव्हा मी तिला विचारले, प्रथिन तयार असताना साखरेवाचून अडते कुठे? बाकीच्या उमेदवारांनी पाठ्यपुस्तक म्हणून दाखवले होते. ती म्हणाली, "सर, माझे बाबा उरणला ट्रेलर चालवतात. कंटेनरमध्ये माल भरलेला असतो, पण सील नसेल तर गेटवरून सोडत नाहीत. मालात काही खोट नसते. तरी तो तिथेच पडून राहतो."

शेजारी बसलेले माझे सहकारी डॉ. सबनीस हसले. मी हसलो नाही. मी तिचे नाव लिहून घेतले.

ती घणसोली गावात भाड्याच्या खोलीत राहत असे आणि संस्थेत चालत येई. प्रयोगशाळेतील मुलांनी माझ्यामागे माझे नाव 'पुन्हा कर' असे ठेवले होते. कोणी काहीही आणून दाखवले, की मी तेवढेच म्हणतो, अशी तक्रार होती. ती बरोबर होती. चेतनाने काही वर्षे हे निमूट ऐकले. एकदा तिने मला विचारलेही.

"सर, तुम्ही कधी 'छान' म्हणता का?"

"निष्कर्ष दोनदा आला की."

"दोनदा आलाय सर."

"मग तो छान आहे हे तुला दिसतेच आहे. मी कशाला सांगू?"

तिने हजारो कृमी तपासून एक बिघडलेला वाण वेगळा काढला. त्याच्या जननग्रंथीचे हात भरकटलेले होते. बिघाड गॉल्जीत काम करणाऱ्या एका एन्झाइमच्या जनुकात होता. त्यामुळे आणखी एका प्रथिनावर साखर चढत नव्हती. हे दुसरे प्रथिन जननग्रंथीभोवतीच्या पातळ पडद्यावर बसून तो खरवडते आणि वाटाड्याला रस्ता मोकळा करून देते. साखर नाही म्हणून खरवडणारा जागेवर बसत नाही, आणि रस्ता मोकळा नाही म्हणून वाटाडा भरकटतो. चेतनाने बिघडलेल्या कृमीत त्या जनुकाची चांगली प्रत घालून पाहिली. वळण परत आले. काम स्वच्छ होते. शोधनिबंध छापला गेला, प्रबंध सादर झाला, तोंडी परीक्षेचा दिवस ठरला. परदेशातील एका प्रयोगशाळेत तिला जागाही मिळाली होती. अट एकच, ठरलेल्या मुदतीत पदवी हाती हवी.

आमच्या क्षेत्रात एक शिरस्ता आहे. छापलेल्या कामातील वाण कोणी मागितला तर तो द्यायचा. कारण विचारायचे नाही, मोबदला घ्यायचा नाही. पुण्याच्या एका संस्थेतील डॉ. गोडबोले यांनी चेतनाचा वाण मागितला. त्याच तिच्या बाहेरच्या परीक्षक होत्या. चेतनाने शेल्फवरची प्लेट पाकिटात घालून पाठवली.

थोड्या दिवसांनी त्यांची ईमेल आली. मजकूर सभ्य होता. तुमचे कृमी अगदी निरोगी आहेत, सर्वांचे वळण बरोबर आहे, काही घोटाळा झाला आहे काय, असे त्यांनी विचारले होते.

चेतना माझ्या खोलीच्या दारात उभी राहिली. हातात शेल्फवरच्या प्लेटी होत्या.

"सर, मी आत्ता बघितलं. गोडबोले मॅडम बरोबर आहेत. सगळे सरळ आहेत."

मी सूक्ष्मदर्शकाखाली स्वतः पाहिले. एकामागून एक कृमी पाहिला. प्रत्येक हात पाठीवरून शिस्तीत मध्याकडे आलेला. एवढे सुंदर वळण पाहून मला एवढे वाईट पूर्वी कधी वाटले नव्हते.

ज्या बिघाडावर प्रबंध उभा होता तो बिघाडच प्लेटवर नव्हता. आणि परीक्षा तोंडावर आली होती.

डॉ. सबनीस अनुभवी आणि व्यवहारी गृहस्थ. त्यांनी आम्हा दोघांना चहाला बसवले. "अहो, टेन्शन कसलं घेता? प्लेट वाटेत बदलली म्हणून कळवा. फ्रीजरमधली जुनी नळी काढा, वाढवा, पाठवून द्या. बाई खूष, परीक्षा वेळेवर. हे आपण सगळ्यांनीच केलेलं आहे."

"मी केलेले नाही," मी म्हणालो.

"तुम्ही सोडून हो. तुमचं कोण धरतंय?"

चेतना कपाकडे पाहत होती. "आणि फ्रीजरमधलेपण सरळ निघाले तर?"

 प्रश्न खरा तोच होता. कृमी गोठवून ठेवता येतात, ही आमच्या प्राण्याची मोठी सोय. वाण हाती आला की लगेच काही नळ्या उणे ऐंशी अंशांवर ठेवून द्यायच्या. वर्षांनंतर वितळवले तरी त्यातले काही वळवळू लागतात. त्या नळ्यांतले कृमीही सरळ निघाले असते, तर चेतनाने इतकी वर्षे जे पाहिले ते काय होते, हे कोणालाच सांगता आले नसते.

"बाईंना आज काय लिहायचे?" मी विचारले.

"तुम्ही सांगा सर."

"प्रबंध तुझा आहे."

तिने कप बाजूला सारला. मग तिने जागेवरूनच फोनवर ईमेल लिहिली आणि मला वाचून दाखवली. तुमचे निरीक्षण बरोबर आहे, आमच्या शेल्फवरचा वाणही निरोगी आहे, कारण अजून माहीत नाही, शोधून कळवते. सबनीस कपाळाला हात लावून म्हणाले, "अगं, 'माहीत नाही' तरी कशाला लिहितेस?" पण तोवर ईमेल गेली होती.

नळी वितळवली. पहिल्या दिवशी थोडे कृमी जिवंत निघाले, अशक्त आणि संथ. त्यांच्यावरून काही ठरत नाही, पुढची पिढी पाहावी लागते. ते दिवस चेतनाने प्लेटी उघडल्या नाहीत. जेवायच्या सुट्टीत ती इनक्युबेटरसमोर स्टूल घेऊन बसे. मी तिला उठवले नाही.

पुढची पिढी मोठी झाली. चेतनाने पाहिले, बाजूला झाली आणि मला जागा दिली. हात भरकटलेले होते. एक तर शेपटीशी जाऊन गाठ मारून बसला होता.

"आहे सर."

"पुन्हा कर," मी म्हणालो. तिने दुसरी नळी काढली. तेच आले.

प्रबंध बचावला होता. सबनीसांनी पेढे आणण्याची भाषा केली. निदान सोपे होते. तार नीट न तापवता वापरली असणार, एखादा साधा, न बिघडवलेला कृमी किंवा त्याचे अंडे शेल्फवरच्या प्लेटवर गेले असणार, आणि साधे भराभर वाढतात म्हणून त्यांनी प्लेट ताब्यात घेतली असणार. भेसळ झाली, एवढेच. नाचक्कीची गोष्ट, पण रोजच्या व्यवहारातली.

भेसळ असेल तर शेल्फवरच्या कृमींत ते साखरेचे जनुक धडधाकट असले पाहिजे. तेवढे तपासून घे, असे मी चेतनाला सांगितले. सबनीसांना तो वेळेचा अपव्यय वाटला. परीक्षेची तारीख त्यांच्याही डोळ्यांपुढे होती.

निकाल आला तेव्हा ती धावत आली नाही. हळू चालत आली.

"सर, शेल्फवरच्यांचं जनुक बिघडलेलंच आहे. सेम बिघाड. त्याच जागी."

"म्हणजे?"

"म्हणजे भेसळ नाहीये. हे आपलेच आहेत. बिघाड गेलेला नाही सर. बिघाड असूनही चालतंय."

या वाक्यासाठी माणूस विज्ञानात येतो. बहुतेकांना ते कधी उच्चारायला मिळत नाही. मी तिला बसायला सांगितले.

शेल्फवरच्या वाणात आणखी एखादे जनुक आपोआप बदलले होते आणि त्या दुसऱ्या बदलाने पहिल्याची उणीव भरून काढली होती, एवढे उघड झाले. असे बदल अधूनमधून होतच असतात. पण हजारोंत एखाद्याच कृमीत झालेला बदल सगळ्या प्लेटीचा कसा झाला? मी तिला फ्रीजरमधून काढलेल्या रोगट वाणाची प्लेट दिली आणि म्हणालो, "नेहमीसारखा एक उचल. नव्या प्लेटवर टाक."

तिने तार तापवली, निववली, ठिपका घेतला. सूक्ष्मदर्शकातून क्षणभर पाहिले आणि एक उचलला. हात सफाईदार होता. माझ्याच तालमीतला.

"हाच का?"

"काय सर?"

"इतके होते. हाच का उचललास?"

ती पुन्हा डोळे लावून प्लेटीकडे पाहू लागली. मान वर केली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता.

"हा तरतरीत दिसत होता."

"दर वेळी असाच?"

"हो सर. बाकीचे... कसे पडलेले असतात. त्यांच्याकडे बघवत नाही. जो चांगला हलतोय तोच उचलते मी." मग ती स्वतःशीच म्हणाली, "बाबापण तेच करायचे. शेती होती तेव्हा. भरलेली लोंबी बियाण्याला ठेवायचे."

भाताला ते योग्यच आहे. आमचे काम नेमके उलटे. रोगट वाण रोगटच राखायचा असतो, त्याच्यावर दया करायची नसते. चेतनाचा प्रबंध लिहून झाला होता, वाण नुसता शेल्फवर सांभाळायचा होता, आणि ती दर वेळी त्यातल्या त्यात धडधाकट कृमी निवडत गेली. ज्या कृमीत तो दुसरा बदल झाला तो अर्थातच सर्वांत तरतरीत. एका उचलीत तो सगळ्या प्लेटीचा पूर्वज झाला. तिने नकळत एक प्रयोग केला होता. फक्त तो करायचा असे ठरले नव्हते.

आता दोन मार्ग होते. जुना वाण डॉ. गोडबोले यांना पाठवून, घडले ते सांगून, ठरल्या दिवशी परीक्षा द्यायची. प्रबंधात खोटे काही नव्हते. सबनीस याच बाजूचे होते आणि त्यांचे म्हणणे गैर नव्हते. किंवा परीक्षा लांबवून तो दुसरा बदल कोणत्या जनुकात आहे ते शोधायचे आणि प्रबंधात घालायचे. मग परदेशातील जागा जाणार.

"तुम्ही काय केलं असतं सर?" चेतनाने विचारले.

"मी तुझ्या वयाचा नाही. आणि ती जागा माझी नाही."

तिने एक आठवडा मागितला. त्या आठवड्यात तिचे वडील संस्थेत आले. घरत तेव्हा साठीचे असावेत. ट्रेलर बाहेर रस्त्याकडेला उभा करून आले होते आणि रखवालदाराने आरडाओरडा सुरू केला होता. त्यांनी हातातला डबा माझ्या टेबलावर ठेवला. आत तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकटीची चटणी होती.

"सायब, पोरगी सांगते परीक्षा पुढं जाईल बहुतेक. आमच्या आलीत समद्यांना सांगून ठेवलंय मी, पोरगी डाक्टर होनार म्हनून. आता इचारतात. काय सांगू?"

"कदाचित पुढे जाईल असे सांगा."

"का जानार?"

मी त्यांना सूक्ष्मदर्शकापाशी नेले. आधी रोगट कृमी दाखवला, मग शेल्फवरचा. वळण म्हणजे कोणते, ते बोटाने कागदावर काढून दाखवले. त्यांनी वेळ घेऊन पाहिले.

"ह्यो चांगला हाय. मंग रडते कशाला? चांगलाच झाला ना?"

"का चांगला झाला, ते कळलेले नाही."

"नाय कळला तर?"

"तर सगळे काम अर्धे राहील."

घरतांनी पुन्हा एकदा डोळा लावून पाहिले. मग म्हणाले, "घरी पन हिचं असंच. गाठ सुटली नाय तर जेवायची नाय." जाताना त्यांनी डबा परत नेला नाही. भाकऱ्या सबनीसांनी आणि मी खाल्ल्या.

चेतनाने परीक्षा पुढे ढकलली. परदेशातील जागा दुसऱ्या कोणाला मिळाली. मी तिला एका शब्दानेही त्या बाजूला वळवले नव्हते, तरी त्या जागेबद्दल मला अजून पुरते बरे वाटत नाही. तिने नंतर अनेक अर्ज केले. एवढी चांगली जागा पुन्हा मिळाली नाही.

पुढचे काम कंटाळवाणे होते, म्हणून थोडक्यात सांगतो. निरोगी झालेला वाण साध्या नरांशी पुन्हापुन्हा संकरित करायचा, संततीत कोणाचे वळण सरळ आणि कोणाचे वाकडे ते पाहायचे आणि बदलाची जागा आकसत आणायची. तिने पावसाळाभर ते केले. बदल सापडला तो साखरेच्या जनुकात नव्हता, त्याच्या आसपासही नव्हता. जननग्रंथीभोवतीचा जो पातळ पडदा, त्याच्या धाग्याच्या जनुकात तो होता. पडद्याचा पोतच असा बदलला होता, की खरवडणाऱ्याची गरज उरली नाही. वाटाडा त्यावरून आपोआप नीट वळू लागला.

आम्ही सारे इतकी वर्षे वाटाड्याकडे आणि त्याचा रस्ता मोकळा करणाऱ्याकडे पाहत होतो. रस्ता कशाचा आहे, हे चेतनाने पाहिले. त्या साखळ्या शेवटी कशासाठी चढवल्या जातात, याचा एक पुरा दुवा तिच्या हाती लागला होता. माझ्या नावावर बरेच शोधनिबंध आहेत. हा त्यांच्यापेक्षा चांगला आहे.

तोंडी परीक्षा खुली असते. नातेवाईकांनाही बसता येते. घरत इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून शेवटच्या रांगेत बसले होते. डॉ. गोडबोले बारीक चणीच्या, आवाज हळू, आणि प्रश्न विचारताना डोळे मिटून घेण्याची सवय. त्यांनी प्रबंध मिटून बाजूला ठेवला.

"हा निरोगी वाण तुम्हाला मिळाला कसा?"

"चुकून, मॅडम."

"नीट सांगा."

"दर वेळी मी धडधाकट कृमी उचलत होते. तसा उचलायचा नसतो. मला ते माहीत होतं. पण हात ऐकत नव्हता."

"प्रबंधात हे लिहिले आहे?"

"लिहिलंय. तिसऱ्या प्रकरणात. पद्धत म्हणून नाही, चूक म्हणून."

बाईंनी डोळे उघडले. "मी वाचले. माझ्या विद्यार्थ्यांनी ते पद्धत म्हणून लिहिले असते." आणि पहिल्यांदाच हसल्या.

बाहेर व्हरांड्यात घरतांनी मला गाठले. "सायब, मना एक सांगा. पोरीनं चूक केली, नि तिलाच डाक्टर केली?"

"चुकीचा माग काढला म्हणून."

त्यांनी थोडा विचार केला. "मंग ठीक हाय," म्हणाले आणि फोन काढून आळीतल्या कोणाला तरी मोठ्याने सांगू लागले.

त्यानंतर काही महिन्यांत मी निवृत्त झालो. आता त्या प्रयोगशाळेत दुसऱ्या विषयावर काम चालते. कृमींचे इनक्युबेटर कोणीतरी बियाण्यांसाठी नेले. साखर नसताना बाकीचे अवयव पुष्कळदा निभावून नेतात आणि हे एक वळणच का चुकते, याचे पूर्ण उत्तर मला मिळाले नाही. ते मिळावे असे वाटत होते. आणखी एक आयुष्य लागले असते.

शेवटची गोष्ट परीक्षेच्या दिवसाचीच आहे. दुपारी गर्दी पांगल्यावर डॉ. गोडबोले जायला निघाल्या. दारात थांबून चेतनाला म्हणाल्या, "या वेळी दोन्ही वाण पाठवा. रोगट आणि निरोगी. शेजारी-शेजारी ठेवून पाहायचे आहेत मला."

चेतना साडी नेसून आली होती. पदर खोचून ती सूक्ष्मदर्शकापुढे बसली. निरोगी वाण आधी घेतला. तो कोणीही उचलावा. मग रोगट वाणाची प्लेट समोर ओढली, तार लाल केली, निवू दिली आणि पाहत राहिली. त्या प्लेटवर एक बऱ्यापैकी हलणारा कृमी होता. तारेचे टोक त्याच्यावर आले आणि थांबले. मग ते बाजूला झाले. कडेला एक मलूल कृमी अर्धवट वळून पडला होता. आतला हात भरकटून शेपटीशी गेलेला होता. तिने तो उचलला, नव्या प्लेटवर ठेवला आणि झाकण लावले.

मग 'पुन्हा कर' ऐकण्याच्या सवयीने माझ्याकडे पाहिले.

मी दोन्ही प्लेटी तिच्या हातून घेतल्या, कडेने ताणली जाणारी मेणाची पट्टी लावून बंद केल्या, पाकिटात घातल्या आणि पुण्याचा पत्ता माझ्या हाताने लिहिला.